घटातले बी आणि पेरणीचे बी

नवरात्र जवळ आले की घरातली कर्ती बाई शेतातून काळी माती आणायला सांगते. पत्रावळीवर किंवा परडीत ती पसरायची, मधोमध मातीचा घट ठेवायचा आणि भोवती गहू, ज्वारी, हरभरा, करडई असे धान्य टाकायचे. कोरा घट पाझरतो. तेवढ्या ओलीवर धान्य उगवते. रोज एक माळ, अखंड दिवा, आणि दसऱ्याला तेच पिवळसर कोंब टोपीत किंवा पागोट्यात खोवून मंडळी सीमोल्लंघनाला निघतात.

ज्या धान्याचा कोंब जोरकस, ते पीक यंदा साधणार, असे जुनी माणसे म्हणतात. कोंबावरून पाऊसपाणी कळत नाही, हे खरे. पण बी जिवंत आहे की नाही, हे मात्र पक्के कळते. खरिपाची काढणी चालू असते आणि रब्बीची पेरणी तोंडावर असते, अशा वेळी घरातल्या कणगीतले बी देवापुढे उगवून पाहायचे. ही रीत घालणारे अडाणी नव्हते.

आता बाजारात घटाच्या धान्याची पुडी मिळते, मातीसुद्धा पिशवीतून मिळते. शहरातल्या माणसाचे ठीक आहे. पण ज्याच्या घरात बियाण्याचे पोते आहे, त्याने पुडीतले धान्य देवापुढे उगवून काय पाहिले?

तेव्हा भगिनींनो, घटात घरचेच बी घाला. घटातले दाणे दाट पडतात, मोजता येत नाहीत. म्हणून त्याच दिवशी शेजारी आणखी एक काम करा. ओल्या गोणपाटावर पोत्यातले १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा. दाणे निवडून घेऊ नका, येतील तसे घ्या. गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. गहू-हरभरा आठव्या माळेला मोजावा. ज्वारीला दसऱ्यापर्यंत वेळ द्यावा. गहू आणि हरभऱ्याचे ८५, ज्वारीचे ७५ दाणे उगवले की बी चांगले.

कमी उगवले तर बियाणे वाढवावे. कोरडवाहू रब्बी ज्वारीला एकरी ४ किलो बी लागते. शंभरात ६० च उगवली, तर ५ किलो पेरावे. त्याहून फारच कमी असेल तर ते बी दळायला द्यावे आणि दुसरे आणावे. मात्र औषध चोळलेले, रंगीत बी दळायला नाही आणि घटातही नाही. ते कोंब पोरे कानावर खोवतात, तोंडातही घालतात.

ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकायची असते. बहुतेक वर्षी घट त्याच सुमारास बसतात, पण अधिक महिना आला की लांबतात. अशा वर्षी घटाची वाट पाहू नये, गोणपाट आधीच भिजवावे.

सोयाबीनवाल्यांना दसरा म्हणजे पुढच्या वर्षीचे बी राखण्याचा काळ. २०१९ साली ऐन काढणीत पाऊस पडून सोयाबीन भिजले, आणि २०२० च्या खरिपात उगवण नसल्याच्या तक्रारी मराठवाड्यातून ढिगाने आल्या. दुबार पेरणीचा खर्च कोणाला परवडतो? सोयाबीनचे साल नाजूक. बियाण्यापुरते शेत न भिजलेले निवडावे. त्याच्या मळणीला यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या वर नेऊ नयेत. मळणी यंत्रवाला घाईत असतो, त्याला हे आधी बजावून ठेवावे. खंडेनवमीला यंत्राला हळद-कुंकू लावतोच, त्या वेळी ते झाडूनही घ्यावे, म्हणजे दुसऱ्याच्या वाणाची भेसळ आपल्या बियाण्यात होत नाही. पोत्यांची थप्पी चारापेक्षा उंच लावू नये, खालचे दाणे दबून फुटतात.

आणि गोणपाटावरची मोजणी शाळकरी मुलांकडे द्यावी. त्यांना ती आवडते. फक्त आजीने एकदा नजर टाकावी. मुळी नसलेला, वाकडा, कुजट कोंबही पोरे उगवलेल्यात धरतात, आणि आकडा उगाच फुगतो.