सोनं महागलं, आता सर्किट बोर्डाच्या जोडाचं काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. चर्चा दागिन्यांची झाली, पण सोनं सर्किट बोर्डावरही असतं. त्याच वर्षी २८ मार्चला केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली. त्यात मल्टिलेयर पीसीबीही आहेत. म्हणजे बोर्ड इथे बनवायचे, आणि सोनं तर महाग. मग सोनं वाचवायचं कसं, हा विचार कारखानदार करणारच. माझ्या मते त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा: हा बोर्ड राहणार कुठे?

आधी थोडं मूलभूत. उघडं तांबं हवेने काळवंडतं आणि मग त्यावर सोल्डर धरत नाही. म्हणून पॅडवर एक संरक्षक थर देतात. तोच सरफेस फिनिश. ‘एनिग’ प्रकारात तांब्यावर ३ ते ६ मायक्रॉन निकेल आणि त्यावर साधारण ०.०५ ते ०.१ मायक्रॉन सोनं असतं. गंमत म्हणजे सोल्डर वितळला की हे सोनं त्यात विरघळून जातं. खरा जोड बसतो तो निकेल आणि सोल्डरमधल्या कथलाचा. सोन्याचं काम तोवर निकेल ताजं ठेवण्याचं.

हे काम बिघडलं तर? सोन्याच्या द्रावणाने निकेल जास्त खाल्लं, तर खाली गंजलेला काळपट थर राहतो. यालाच ‘ब्लॅक पॅड’ म्हणतात. वरून बोर्ड चकचकीत, चाचणीतही पास. पण झटका बसला की जोड पॅडपासून सुटतो.

स्वस्त पर्याय आहे ‘ओएसपी’, म्हणजे तांब्यावर सेंद्रिय रसायनाचा पातळ थर. इथे कथील थेट तांब्याशी जुळतं. फोन हातातून पडतो तेव्हा असा जोड निकेलवरच्या जोडापेक्षा सहसा जास्त टिकतो. पण हा थर नाजूक असतो. बोर्ड फार दिवस पडून राहिला किंवा भट्टीतून अनेकदा गेला, की सोल्डर नीट पसरत नाही.

चांदीचा थर सपाट असतो आणि सोल्डरही छान धरतो. मात्र हवेत गंधकाचे वायू असतील, तर उघड्या कडांपासून गंज पसरतो आणि शेजारच्या तारा एकमेकींना जोडल्या जातात. सांडपाणी केंद्र किंवा कागद गिरणीतल्या यंत्रासाठी तो नकोच.

थोडक्यात, सोनं काढलं म्हणून बोर्ड कच्चा होत नाही, आणि असलं म्हणून पक्काही होत नाही. सरकारी पैशातून कारखाने उभे राहत असताना फक्त किती बोर्ड निघाले हे मोजून भागणार नाही. ऑर्डर देणाऱ्यांनी थराची जाडी मोजून मागावी, काही जोड कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावेत, आणि पडण्याची, तापण्या-गार होण्याची चाचणी प्रत्यक्ष वापरानुसार ठरवावी. चाचणीचा खर्च आज डोळ्यांत भरतो. बाजारात गेलेला माल परत बोलवायचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो.