पर्स उचलण्यापूर्वी

संपादकीय म्हणजे संघटनेची भूमिका, असा आपला शिरस्ता. बैठकीत चर्चा होते, मुद्दे निघतात आणि मग कुणीतरी एकीने ते लिहून काढायचे. या वेळी तसं झालं नाही. या विषयावर आपण तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा एकमत झालं नाही. शेवटी 'तू पाहिलं आहेस, तर तूच लिही' असं सगळ्याजणींनी सुचवलं. म्हणून हे संपादकीय 'आम्ही' म्हणून नाही, 'मी' म्हणून लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात दोन महिने मी अमेरिकेत, टेक्सास राज्यात, माझ्या भाचीकडे होते. भाची चाळिशीची आहे, एका कचेरीत हिशेब बघते. पदरात नऊ वर्षांची मुलगी. चौदा वर्षांचा संसार मोडून ती वेगळी झाली. संसार का मोडला ते या मासिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मारहाण होती, संशय होता, 'पोरीला घेऊन जाईन' ही धमकी होती. वेगळं झाल्यावर धमक्या वाढल्या. कोर्टाने तिला संरक्षणाचा आदेश दिला. त्याने तिच्या घराजवळ, कचेरीजवळ, मुलीच्या शाळेजवळ फिरकायचं नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. त्यानंतरही दोन वेळा त्याची गाडी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

तिच्याकडे पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. कपाटाच्या एका फळीवर तिचं देवघर: बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, दिलेली समई. भाची आंघोळ करून त्यापुढे डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते. स्तोत्र म्हणत असेल असं मला वाटलं. दहा मिनिटांनी ती उठली, आतल्या खोलीत गेली, भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी उघडली. त्यातून पिस्तूल काढून तिने ते पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलं आणि चेन ओढली. मग वळून म्हणाली, "मावशी, बघितलंस ना? आता बोल काय बोलायचं ते."

मला काहीच बोलता आलं नाही. तीस वर्षं हिंसेच्या विरोधात बोलले, मोर्चे काढले, पत्रकं लिहिली. आणि माझ्याच बहिणीची पोर पर्समध्ये पिस्तूल घालून मुलीचा डबा भरत होती.

टेक्साससाठी हे नवलाचं नाही. १९९१च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या किलीन गावात एका खानावळीत एका माणसाने गोळीबार करून २३ जणांचा जीव घेतला. त्या दिवशी तिथे जेवत असलेल्या सुझाना ग्रॅशिया हप या बाईंचे आई-वडील दोघंही त्यात गेले. हपबाईंकडे स्वतःचं रिव्हॉल्व्हर होतं, पण लपवून शस्त्र जवळ बाळगायला तेव्हा कायद्याने बंदी होती, म्हणून त्या ते गाडीत ठेवून आल्या होत्या. पुढे त्यांनी कायदा बदलावा म्हणून जागोजाग साक्षी दिल्या. १९९५ साली टेक्सासने लपवून शस्त्र बाळगण्याचे परवाने देण्याचा कायदा केला. २०२१च्या सप्टेंबरपासून तर २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याचीही गरज उरलेली नाही. भाचीने तरीही रीतसर परवाना काढला. वर्गात बसली. ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या झाडायची परीक्षा दिली. शस्त्र मुलांच्या हाती लागणार नाही असं कसं ठेवावं आणि तंटा हिंसेशिवाय कसा मिटवावा, हेही त्या वर्गात शिकवायचे विषय आहेत. "हे दोन विषय लग्नाआधी मुलांना शिकवायला हवेत," ती म्हणाली आणि आम्ही दोघीही हसलो.

चार-पाच दिवसांनी मी तिला विचारलं, "देवापुढे बसून तू काय म्हणतेस?"

ती म्हणाली, "मागत फारसं नाही गं. स्वतःलाच विचारते. पहिलं म्हणजे, आज माझ्या मनात राग आहे का? ऑफिसातला, आईवरचा, त्याच्यावरचा, कसलाही. दुसरं, झोप झाली आहे का, डोकं ठिकाणावर आहे का? तिसरं, आज कुठे कुठे जायचं आहे? शाळेच्या इमारतीत हे न्यायचं नाही, कुणाच्या घरी जेवायला जायचं असेल तर न्यायचं नाही, पोरं असतील तिथे पर्स खाली ठेवायची नाही. आणि चौथं, तो समोर आला आणि मला पळायला वाट असली, तर मी पळेन ना? 'पळेन' असं माझं मलाच ऐकू आलं, तरच मी उठते."

"आणि देवाकडे?"

"देवाकडे एकच. तो आज मला दिसू नये. त्याचं भलं कर असं माझ्या तोंडून निघत नाही, मावशी. वाईट कर असंही म्हणत नाही. दिसू नये, एवढंच."

मी म्हटलं, "म्हणजे ही तुझी खंडेनवमीच झाली की रोजची." मला टोमणाच मारायचा होता. तिला लागला. ती म्हणाली, "पूजा कसली? हे मी देवघरापाशी आणतसुद्धा नाही. शस्त्राला हळदकुंकू लावतात त्यांना ते मिरवायचं असतं. मला लपवायचं आहे. आणि ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी परत द्यायचं आहे."

मैत्रिणींनो, हा फरक मला महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजन होतं, आता तर जाहीर समारंभ होतात, तलवारी घेतलेल्या बायकांचे फोटो छापून येतात. तिथे शस्त्र हा पराक्रम असतो, त्याला प्रश्न विचारायचे नसतात. भाचीच्या प्रार्थनेत शस्त्र नव्हतंच. ती स्वतःला तपासत होती.

पण म्हणून माझं समाधान झालं असं नाही. मी तिच्याशी भांडले, आणि कोरड्या उपदेशाने नाही, आकडे घेऊन भांडले. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ११ शहरांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाती बंदूक लागू शकत असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाचपट होतो, असं त्यात आढळलं. कॅलिफोर्नियातल्या २०२२च्या अभ्यासात दिसलं की पिस्तूल बाळगणाऱ्याबरोबर एका घरात राहणाऱ्यांचा, आणि त्या बहुतेक बायकाच होत्या, घरात जोडीदाराकडून गोळी घालून खून होण्याचा धोका इतरांच्या सातपट होता. २०१४च्या डिसेंबरमध्ये आयडाहो राज्यात एका दुकानात खरेदी करताना दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल ओढलं, गोळी सुटली, आई जागीच गेली. पर्स शस्त्र ठेवण्यासाठीच बनवलेली होती. तिच्याकडे परवानाही होता.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझे आकडे खरे आहेत. म्हणून तर पेटी भिंतीत आहे आणि घरात दुसरं कुणी नाही. पण मला एक सांग, मी फोन केल्यावर पोलीस येतीलच याचे आकडे तुझ्याकडे आहेत?"

नव्हते. उलट १९९९ साली कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावात काय झालं ते मला ठाऊक होतं. कोर्टाचा आदेश हातात असलेल्या एका आईच्या तीन मुलींना वेगळा राहणारा नवरा घेऊन गेला. ती रात्रभर पोलिसांना विनवत राहिली. पोलिसांनी काही केलं नाही. पहाटे तिन्ही मुली मेलेल्या सापडल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००५ साली निकाल लागला की पोलिसांनी असा आदेश अंमलात आणावा, असा राज्यघटनेने दिलेला हक्क त्या बाईला नाही. हा निकाल डोळ्यांपुढे ठेवून मग पर्सकडे बघावं लागतं.

आणखीही काही आठवलं. १८९२ साली मेम्फिसमध्ये आपल्या मित्राची जमावाने हत्या केल्यावर आयडा वेल्स या काळ्या पत्रकार बाईने पिस्तूल विकत घेतलं. गुलामांना रातोरात पलीकडे नेणारी हॅरिएट टबमन पिस्तूल बाळगी आणि तिची देवावर अपार श्रद्धा होती. कायदा ज्यांच्यासाठी नव्हताच, त्या बायकांना 'शस्त्र टाका' असं सांगणारी मी कोण?

मात्र याच भीतीवर धंदाही उभा राहतो, हे विसरता येत नाही. १९८९ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने खास बायकांसाठी 'लेडीस्मिथ' नावाची रिव्हॉल्व्हरं बाजारात आणली. आपल्याकडे दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या अत्याचारानंतर कानपूरच्या शस्त्रनिर्माण कारखान्याने २०१४ साली बायकांसाठी म्हणून रिव्हॉल्व्हर काढलं. नाव 'निर्भीक', वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात. पहाटे सहाला कामावर निघणारी कुठली बाई हे घेणार होती? रस्त्यावर दिवे लावणं, बस वेळेवर सोडणं, चौकीत तक्रार लिहून घेणं ज्यांचं काम, त्यांनी बाईच्या हाती हत्यार देऊन 'आता तुझं तू बघ' म्हणायचं, याला सबलीकरण म्हणत नाहीत.

मी निघण्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. नेहमीप्रमाणे भाची देवापुढे बसली. त्या दिवशी बराच वेळ बसली. उठून आतल्या खोलीत गेली नाही. मुलीला गाडीत बसवलं आणि माझ्याजवळ येऊन पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "मावशी, हे आज तुझ्याकडे ठेव. रात्रभर झोप नाही. आज मला त्याची भीती नाही वाटत. माझीच वाटते." अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हा आकडा मी वादात मुद्दाम काढला नव्हता. तिने तो न काढताच मला सांगितला.

ती किल्ली मी आठ दिवस कमरेला लावून हिंडले. त्या आठ दिवसांत शेजारची मेक्सिकन बाई सकाळी तिच्या गाडीमागे आपली गाडी घेऊन कचेरीपर्यंत जाई. संध्याकाळी मंडळातल्या दोन मराठी मुली पाळीपाळीने येत. समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे ती पुन्हा जाऊ लागली. हे सगळं आधीही होऊ शकलं असतं. कुणी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं. इतके दिवस ती रोज पहाटे एकटीनेच ते चार प्रश्न स्वतःला विचारत होती. निघताना मी तिला किल्ली परत द्यायला लागले तर तिने घेतली नाही. ती त्या शेजारणीकडे ठेवायला सांगितली. पुढे काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

परत आल्यावर आपल्या केंद्रात एक बाई आली. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मिळालेला आदेश तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवला होता. आदेश मोडला तर नवऱ्याला वर्षभर कैद होऊ शकते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बटव्यात तिखटाची पुडी होती. "देवाचं नाव घेते आन् निघते," ती म्हणाली. मी तिला विचारलं, "देवाच्या पाया पडताना मनात काय येतं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. आपण वकील देतो, अर्ज लिहून देतो, पोलिसांकडे जातो. पण घराचा उंबरा ओलांडण्यापूर्वी ती स्वतःशी काय बोलते, ते आपण ऐकत नाही. 'श्रद्धा तिची खाजगी बाब' म्हणून सोडून देतो. त्या बाईने सांगितलं, "येतं, की आज तो समोर आला तर मी त्याला जित्ता सोडणार नाही. मग भीती वाटते."

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बाईने शस्त्र घ्यावं की न घ्यावं, यावर आपण आणखी तीन बैठका घेऊ, वादही घालू. मी स्वतः अजूनही 'घेऊ नये' याच बाजूची आहे. पण ज्या बाईवर ती वेळ आली आहे तिला दोष देण्याआधी तिच्याबरोबर त्या पहाटे बसायला कुणीतरी हवं. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला यापुढे दोन प्रश्न विचारावेत, असं मी सुचवते: 'तुला त्याची भीती वाटते का?' आणि 'तुला स्वतःची भीती वाटते का?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर त्या दिवशी तिला एकटीला घरी पाठवायचं नाही. आणि आदेश हाती असलेल्या प्रत्येक बाईमागे पोलीस चौकीत विचारणा करायला आपल्यापैकी दोघींनी दर आठवड्याला जायचं.

तुमच्या गावात, वस्तीत अशा बाईसाठी काय करता येतं, काय करून पाहिलंत, ते जरूर कळवा. न पटलेलंही लिहा. पुढच्या अंकात पत्रं छापू.

आपली,
संपादक