टिनाखालचा ऑनलाइन पेपर

मे महिना, दुपारचे अडीच. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मोबाइलवर अंतर्गत परीक्षेचा पेपर देत होती. घर टिनाचं. लाइन गेली आणि कूलर बंद पडला. थोड्या वेळात मोबाइल इतका तापला की आपोआप बंद झाला. तिची आई धावत आमच्याकडे आली ती पेपरासाठी नव्हे. पोरीला उलटी झाली होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आम्ही तिला विहाराच्या हॉलमध्ये आणून निजवलं, अंगावर ओलं कापड घातलं, घोट घोट ओआरएस पाजलं. तासाभरात ती सावरली. पेपर मात्र गेला. कॉलेजचं उत्तर आलं : वीज आणि नेट ही विद्यार्थ्याची जबाबदारी.

हे उत्तर आम्हाला मान्य नाही. नर्सची नोकरी सोडून आम्हाला बरीच वर्षं झाली, पण माणूस आजारी पडला की तो कुठे राहतो हे विचारायची सवय गेली नाही. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर मांडतो आहोत.

"ऊन काय, सगळ्यांनाच लागतं," असं लोक म्हणतात. सगळ्यांना सारखं लागत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. वेधशाळा असं तापमान सावलीत, मोकळ्या हवेत मोजते. टिनाखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत, शेजारी चूल किंवा गॅस पेटलेला असताना काय होत असेल, ते तिथे बसणाऱ्यालाच ठाऊक. शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवतं. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, चक्कर येते, वाचलेलं ध्यानात राहत नाही. त्याला आपण "पोराचं अभ्यासात लक्ष नाही" म्हणतो. मुलींचं आणखी एक दुखणं आहे. सार्वजनिक संडासात जायला लागू नये म्हणून त्या पाणीच कमी पितात. मग लघवीची जळजळ सुरू होते आणि त्या ती कुणाला सांगतही नाहीत.

पूर्वी मुलं उन्हाळ्यात कॉलेजच्या लायब्ररीत बसत. तिथे जाड भिंती होत्या, पंखा होता, प्यायला पाणी होतं. शिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा वर्ग आपल्या घरात आला, परीक्षा केंद्रही घरात आलं. पण घर त्या लायक आहे का, हे बघायला कुणी आलं नाही. २०२१ च्या यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वर ऑनलाइन शिकता येतात. सोय चांगली आहे. नोकरी करून शिकणाऱ्या आपल्या मुलांना तिचा उपयोगही आहे. पण जिथे छप्पर तापतं आणि लाइन जाते, तिथे ती सोय अर्धीच पोचते.

पावसाळ्यातही तेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. भिजलेलं पुस्तक वाळवता येतं. भिजलेला मोबाइल म्हणजे वर्ग, वही आणि लायब्ररी एकदम गेली.

विद्यापीठांना काही करता येत नाही असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज गेली, तेव्हा मुंबई विद्यापीठाने त्या दिवशीचे ऑनलाइन पेपर पुढे ढकलले. योग्यच केलं. पण सगळ्या शहराची वीज गेली तर ती अडचण, आणि एका वस्तीची गेली तर विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा, हा कुठला न्याय?

आमचं म्हणणं साधं आहे. हवामान खात्याने उष्णतेचा किंवा पावसाचा ऑरेंज वा रेड इशारा दिला असेल, त्या दिवशी ज्याचा ऑनलाइन पेपर हुकला त्याला अर्जावर दुसरी संधी मिळावी. एप्रिल-मे महिन्यांत ऑनलाइन पेपर सकाळी दहाच्या आत संपावेत. आणि कॉलेजने आपली एक खोली, पंखा आणि पाणी दुपारी अशा विद्यार्थ्यांसाठी उघडं ठेवावं. यात फार मोठा खर्च नाही.

सगळं दुसऱ्यांवर सोडूनही चालणार नाही. बहुतेक वस्त्यांत विहार किंवा समाजमंदिर आहे, आणि बऱ्याच ठिकाणी दुपारी त्याला कुलूप असतं. ते बारा ते पाच उघडा. एक माठ, दोन पंखे, एक चार्जिंगचा बोर्ड आणि लक्ष ठेवायला एक जाणती बाई एवढ्यावर अभ्यासिका चालते. छतावर पांढरा चुना मारला तर आतली उष्णता काही अंशांनी उतरते. घरात पेपर असेल त्या दिवशी पाणी भरायचं काम मुलीच्या वाट्याला देऊ नका.

आणि हे घरोघरी माहीत असू द्या. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घाला. ते त्याच दिवशी संपवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका लागावा इतकं तापलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान आणि काखेत ओलं थंड कापड ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून चार्जर लावू नका. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चालावं लागलं आणि नंतर ताप आला, तर अंगावर काढू नका. दवाखान्यात जाऊन पाण्यातून चाललो हे आवर्जून सांगा.

त्या मुलीने पुन्हा पेपर मिळावा म्हणून अर्ज केला आहे. सोबत त्या दिवशीच्या तापमानाची बातमी आणि आमची सही जोडली आहे. अजून उत्तर नाही. तुमच्या वस्तीत असं घडलं असेल तर तुम्हीही लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. एकटीचा अर्ज फाइलमध्ये पडून राहतो, पन्नास आले तर उत्तर द्यावंच लागतं.