पावतीवर भरलेलं वजन कुठं आहे?

अंकुशनगरात काट्याचा विषय निघाला की हातातला चहा थंड होतो. समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आसऱ्याने वसलेलं हे गाव; अंकुशराव टोपेंचं नाव गावालाही आहे आणि कारखान्यालाही. गळीत हंगामात इथल्या शाळकरी पोरालाही भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ वजन यांतला फरक सांगावा लागत नाही. भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा पडतो. गव्हाणीत ऊस टाकून ती परत येते, पुन्हा आकडा पडतो. मग पावती. मी स्वतः एका कारखान्याच्या शेतकी खात्यात एकोणतीस वर्षं चिटबॉय होतो. तोडीच्या चिठ्ठ्या वाटल्या, उसाच्या नोंदी घेतल्या, शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि बांधावर बसून त्यांच्या भाकऱ्याही खाल्ल्या.

निवृत्तीनंतर मी वेगळ्याच एका कारखान्याला ऊस घालायला लागलो. त्याचा काटा मी आजवर पाहिलेला नाही.

झालं असं. नोकरीत असताना शेतकरी जे विचारत ते मी वहीत टिपून ठेवत असे. हुमणी कशाने जाते, खोडव्यातलं पाचट जाळावं की कुजवावं, आडसालीला एकरी बेणं किती, 86032 वाण लावू की 265, आणि 265 लावला तर कारखाना नोंद घेईल का. अशा सात वह्या भरल्या होत्या. 2015 साली धाकटी लेक संभाजीनगरला शिकत होती. सुट्टीला आली, वह्या चाळल्या आणि म्हणाली, ‘‘बाबा, हे कपाटात ठेवून उंदरांना घालणार का?’’ तिनेच वेबसाइट काढून दिली. डोमेनचं भाडं वर्षाला हजाराच्या आसपास. मी एका बोटाने टाइप करत एकेक प्रश्न पानावर चढवत गेलो.

जाहिराती लावायची टूमही तिचीच. गूगलची ॲडसेन्स नावाची सोय 2003 सालीच जगात आली होती, पण मराठी तिला कळत नव्हती. हिंदीला 2014 च्या अखेरीस प्रवेश मिळाला, मराठीला 2018 मध्ये. म्हणजे इंग्रजीत लिहिणाऱ्याचा ऊस पंधरा वर्षं गाळला जात होता आणि आमची नोंदच घेतली जात नव्हती. नोंद नसलेल्या उसाचे हाल काय होतात ते मला कुणी सांगायला नको.

ही गोष्ट चालते कशी, तर तुमचं पान यंत्र आधी वाचतं. पानावर ठिबकचा उल्लेख दिसला की ठिबकची जाहिरात, बेण्याचा दिसला की खताची. जागा एक आणि मागणारे अनेक असले की पान उघडताक्षणी त्या जागेचा लिलाव होतो आणि बोली जिंकणाऱ्याची जाहिरात लागते. यात नवीन असं फार काही नाही. आमचं जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी इथंच काढली. आमच्या लहानपणी रस्त्याकडेच्या भिंतींवर बियाण्यांच्या, पंपांच्या, सिमेंटच्या जाहिराती रंगवलेल्या असत. विहिरीला लागून असलेल्या भिंतीवर पंपाचीच जाहिरात दिसायची, साबणाची नाही. रंगारी एकटाच यायचा, शिवार बघून भिंत निवडायचा. भिंतीच्या मालकाला काय मिळायचं? बहुतेक वेळा बाकीच्या भिंतीला फुकटात चुना.

यंत्राला मात्र शिवार दिसत नाही. ‘लोकरी मावा’ हे माझं चांगलं चालणारं पान. ही कीड 2002 मध्ये महाराष्ट्रात शिरली आणि सांगलीकडून सगळीकडे पसरली. उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या लोकरीसारखी चिकटते म्हणून हे नाव. जाहिराती सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या पानावर काय लागलं असेल? शाली आणि स्वेटर. लेक फोनवर इतकी हसली की मलाही राग धरता येईना. पुढं यंत्र थोडं शहाणं झालं, पण तोवर दुसरीच खोड लागली. आता ते पानापेक्षा वाचणाऱ्याकडे जास्त बघतं. काल त्याने मोबाइलवर बूट बघितले असतील तर आज हुमणीच्या पानावर त्याला बूटच दिसतात. म्हणजे मी पान मन लावून लिहिलं काय आणि कसंबसं लिहिलं काय, बुटांना काही फरक पडत नाही.

कमाईचंही सांगून टाकतो, कारण या धंद्यात सगळे लाखांचे आकडे सांगतात आणि खरा आकडा कुणी उच्चारत नाही. दहा डॉलर जमले की पत्त्याच्या खात्रीसाठी सहा आकड्यांचा पिन टपालाने येतो. माझं पाकीट आलं तेव्हा पोस्टमन दारात थांबूनच राहिला. ‘‘तात्या, परदेशात कोण हाय तुमचं?’’ मी म्हटलं, कुणी नाही, एक जाहिरातवाला आहे. शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. मला पहिले शंभर व्हायला चौदा महिने लागले. पैसे जमा झाले तेव्हा बँकेतून फोन आला. बाहेरच्या देशातून रक्कम आली की ती कशाबद्दलची हे लिहून द्यावं लागतं. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, ‘‘काका, कशाचे पैसे?’’ मी म्हणालो, उसाचे. ती फॉर्म घेऊन आत गेली आणि साहेबाला घेऊन बाहेर आली.

हजार वेळा पान दिसलं की कधी चाळीस रुपये पडतात, कधी पंचवीस. कर्जाबद्दल किंवा विम्याबद्दल इंग्रजीत लिहिणाऱ्याला याच हजाराचे कितीतरी पट मिळतात. कारण सरळ आहे. त्या लिलावात बोली लावणारे बँकवाले असतात. माझ्या पानासाठी बोली लावणारे थोडे आणि तेही हात आखडून. शंभर पानांतली दहा-बारा जुनी पानंच खरं उत्पन्न देतात, अगदी खोडव्यासारखी. लागवड नाही, बेणं नाही, नुसतं पाणी द्यायचं. पण खोडवाही तिसऱ्या वर्षी दम टाकतो. हल्ली लोक फोनलाच प्रश्न विचारतात आणि फोनच उत्तर वाचून दाखवतो. उत्तर कुणाच्या वहीतून आलं याची पंचाईत फोनला नाही. पानावर माणूस आलाच नाही तर जाहिरात कुणाला दिसणार?

एकदा दिवाळीत भाचा आला होता. मामाची कमाई वाढावी म्हणून त्याने ओसरीवर बसून दोन दिवसांत चाळीसेक जाहिराती दाबल्या. भावना चांगली होती. आठवड्याने माझ्या हिशेबातली रक्कम कापली गेली आणि महिनाभर जाहिराती जवळजवळ बंद. स्वतःच्या माणसाने जाहिरात दाबायची नाही हा नियम रास्तच आहे. खोट्या क्लिकचे पैसे जाहिरातदाराने का द्यावेत? मी भाच्याला रागावलो, त्याच्या आईने मला रागावलं, विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न राहिला. किती क्लिक खऱ्या धरल्या आणि किती खोट्या, यातला एकही आकडा मला दिसला नाही. कपात तेवढी दिसली. तसं कुणी काट्यावर केलं असतं तर गाडीवान काटा सोडून हलला नसता.

माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. या धंद्यात आम्हाला मिळते ती पावती निव्वळ वजनाची. पान किती वेळा दिसलं, जाहिरात किती वेळा दाबली गेली आणि मला काय मिळालं, एवढंच कळतं. त्या जागेसाठी जाहिरातदाराने किती रुपये मोजले ते आम्हाला दिसत नाही. भरलेल्या गाडीचं वजन झाकून ठेवलं तर वजाबाकी बरोबर आहे की नाही हे कोण सांगणार?

यावर लगेच उत्तर येतं की गूगलने वाटा जाहीर केलेला आहे. केलेला आहे, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. 2010 मध्ये त्यांनी सांगितलं की शंभरातले 68 रुपये पानवाल्याचे. 2024 पासून पद्धत बदलली. जाहिरात विकत घेणाऱ्या बाजूची फी आधी कापतात आणि उरलेल्याचे 80 टक्के देतात, गोळाबेरीज पुन्हा 68 च्या आसपास येते असं तेच सांगतात. टक्केवारी काही वाईट नाही. उसाच्या महसूल वाटपाचं सूत्रही 70:30 चंच आहे. पण टक्के कशाचे, हा प्रश्न उसात आपण पन्नास वर्षं विचारतो आहोत. साखरेचा भाव काय धरला, मळी आणि बगॅसचं काय, उतारा कुणी मोजला? तिथं निदान विचारायला जागा आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज आहे. काटा तपासायला वैधमापनशास्त्र खातं आहे. बंधनं असूनही पैसे थकतात, काट्यावरून भांडणं होतात, आंदोलनं होतात, हे मला माहीत आहे. चिठ्ठ्या हातात घेऊन मी ती बघितली आहेत. पण भांडायला कायद्याचं एक कलम तरी हातात असतं.

जाहिरातीच्या काट्यापाशी कुणीच उभं नाही. सरकारला हा बाजार दिसत नव्हता असं म्हणता येणार नाही. परदेशी कंपन्यांना जाणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या पैशांवर 2016 पासून 6 टक्के इक्विलायझेशन लेव्ही लावली होती, लोक तिला गूगल टॅक्स म्हणत. 1 एप्रिल 2025 पासून ती काढली. नऊ वर्षं सरकारने आपला वाटा मोजून घेतला. पानवाल्याची पावती कुणी मागितली नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी 2022 मध्ये बातम्यांच्या प्रकाशकांच्या तक्रारीवरून गूगलची चौकशी लावली. अमेरिकेत एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की जाहिरात-बाजाराच्या दोन भागांत, म्हणजे जाहिरातींचा लिलाव जिथं होतो तिथं आणि प्रकाशक जागा विकायला जी यंत्रणा वापरतात तिथं, गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. म्हणजे शंका अंकुशनगरच्या एका रिकामटेकड्या चिटबॉयची नाही. लिलाव करणारा तोच, एका बाजूला घेणाऱ्याचा दलाल तोच आणि दुसऱ्या बाजूला विकणाऱ्याचाही तोच. आडतीत असं कुणी केलं तर बाजार समितीत दुसऱ्या दिवशी बोंब उठेल.

फुकटात मिळतंय ते गोड मानून घ्या, असं माझा एक मित्र म्हणतो. फुकट कसं? सात वह्या आहेत, एकोणतीस पावसाळे आहेत. कायद्याने एवढंच करावं: दर महिन्याच्या हिशेबात जाहिरातदाराने मोजलेली एकूण रक्कम, मधल्यांनी कापलेली रक्कम आणि लिहिणाऱ्याला मिळालेली रक्कम, हे तीन आकडे एका ओळीत दाखवणं बंधनकारक. वाटा वाढवून मागत नाही.

तोवर मी माझ्यापुरतं गुऱ्हाळ लावलं आहे. उसाच्या पट्ट्यातला शेतकरी कारखान्याशी पटेना की चार गाड्या गुऱ्हाळाला घालतो. पैसे थोडे, पण हातात. शहागडकडच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, हुमणीच्या पानावर तुझ्या दुकानाची पाटी लावतो. त्याला पटेना. ‘‘तात्या, इंटरनेटवर कोण बघतंय माझं दुकान?’’ मी त्याला मे-जूनचे आकडे दाखवले. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगे बाहेर पडतात, रात्री बाभळीवर आणि कडुनिंबावर बसतात, आणि त्याच दिवसांत माझं पान सगळ्यात जास्त उघडलं जातं. हे गणित दुकानदाराला लगेच कळलं, कारण औषधाची विक्रीही त्याच दिवसांत होते. महिना पाचशे ठरले. वेबसाइट चालवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझं सांगणं आहे, एकदा आपल्या बाजारपेठेत फिरून या. तुमच्या पानावर कुठली पाटी शोभेल हे यंत्राआधी तुम्हाला कळेल.

दुकानदाराला मी दर महिन्याला हाताने पावती लिहून देतो. पान किती जणांनी उघडलं, त्याच्या दुकानाचा नंबर कितींनी दाबला आणि मी किती घेतले, तिन्ही आकडे त्या पावतीवर असतात.