विद्यार्थी बोलू लागले, वडीलधाऱ्यांचे काय?

लैंगिक आरोग्य, प्रजनन आणि मनःस्वास्थ्य या विषयांवर तरुणांशी मोकळेपणाने बोलले जावे, अशी मागणी आता स्वतः विद्यार्थीच करू लागले आहेत, हे चिन्ह आम्ही शुभ मानतो. १९५१ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत तर या कामासाठी स्वतंत्र स्थायी समितीच आहे. आपल्याकडे मात्र या मागणीची वाट बिकट आहे. आणि ती बिकट करण्यात अडाण्यांपेक्षा सुशिक्षितांचाच हात मोठा आहे, हे कटू असले तरी सांगणे प्राप्त आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि पुढे याच कामापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात खुद्द डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड टळला नाही. ते राज्य परक्यांचे होते, असे म्हणून आपण सुटका करून घेऊ. पण २००७ साली आपल्याच विधिमंडळात गदारोळ झाला आणि आपल्याच शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षण थांबविले, त्याचे काय? ज्यांच्यासाठी ते शिक्षण होते, त्या मुलांना त्या वेळी कोणी काही विचारल्याचे आमच्या स्मरणात नाही.

आमची उमेदीची काही वर्षे हाती खडू धरून गेली. प्रजननाचा पाठ आला की ‘हा घरी वाचा’ म्हणून पान उलटण्याची रीत आम्हांस चांगली परिचयाची आहे. घरी वाचून शंका विचारावयाची कोणाला? जुन्नर तालुक्यात ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिंगोरे हे गाव आहे. तेथील मुलीने शिकावयाचे तर ओतूरचे महाविद्यालय गाठावे, नाही तर पुण्यात खोली घेऊन राहावे. पाळी चुकली, अंगावरून पांढरे जाते, रात्ररात्र डोळा लागत नाही, यांपैकी काहीही सांगावयास तिला परके पण भरवशाचे माणूस हवे असते. लहान गावात जो तो कोणाचा ना कोणाचा मामा असतो. आरोग्य केंद्राच्या बाकावर मुलगी बसली की बातमी तिच्याआधी घरी पोहोचते. शहरातल्या वाचकांनी यावर हसू नये. आपल्या सोसायटीतही निराळे काय घडते?

या मौनाचे मोल किती असते, हे डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली दाखवून दिले. गडचिरोलीतील दोन गावांच्या त्यांच्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.

कायद्याचाही धाक आहेच. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर म्हणून आली की पोलिसांस कळविणे २०१२ च्या कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मुलीने व पालकांनी विनंती केल्यास त्यात तिचे नाव देण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. दवाखान्याच्या पायरीवरून घाबरून परत फिरणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार?

मनाच्या दुखण्याची कथा याहून भीषण आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांत महाराष्ट्र पहिला. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तो क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर असावयास हवा. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले. आम्हांस भीती वाटते ती निराळीच: इतिहासाच्या एखाद्या अध्यापकाच्या गळ्यात हे काम अडकवून कागद पुरा करण्याची. विद्यार्थ्यांच्या उत्साहावर सारा भार टाकून संस्थांनी नामानिराळे होणे, हेही तितकेच गैर. मित्र मित्राला दारापर्यंत नेऊ शकतो. दार उघडणारा जाणकारच हवा.

तेव्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांतील समुपदेशकांची नावे, त्यांची पात्रता आणि भेटीच्या वेळा जाहीर कराव्यात, आणि या कामावर देखरेख करणाऱ्या समितीत विद्यार्थी व विद्यार्थिनी यांना जागा द्यावी. ती यादी छापावयास आमच्या पानावर जागा आहे.