पस्तीस अंशांच्या पलीकडे

लॅपटॉपच्या खोक्यावर काय काय छापलेलं असतं ते आठवून पाहा. प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी किती, स्क्रीन किती इंचांचा. एक आकडा मात्र खोक्यावर सापडत नाही. तो असतो मॅन्युअलच्या मागच्या पानांत, बारीक टायपात: वापरताना आसपासचं तापमान जास्तीत जास्त ३५ अंश सेल्सिअस. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंश सांगते. डेल आणि लेनोवोच्या कितीतरी मॉडेलांची वरची मर्यादाही ३५च आहे. हे आतल्या चिपचं तापमान नव्हे. ज्या खोलीत बसून आपण काम करतो, त्या खोलीतल्या हवेचं आहे.

मेअखेरचे नवतपाचे, म्हणजे सर्वांत तापलेले नऊ दिवस घ्या. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात ४२-४३ अंश हे रोजचंच, पारा ४५च्या पुढे गेला तरच बातमी होते. वर स्लॅब तापलेला असेल तर वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकरालाही पस्तिशीच्या खाली यायला तयार नसते. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. म्हणजे विदर्भात, खानदेशात आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागात आपण उन्हाळाभर लॅपटॉप त्याच्या लिखित मर्यादेबाहेर वापरत असतो. पन्नास-साठ हजार रुपये मोजून घेताना दुकानदाराने हे सांगितल्याचं आठवतंय कुणाला?

या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. लॅपटॉप सकाळी बरा चालतो, दुपारी हँग होतो. पंखा ओरडतो, खालची बाजू हात लावू देत नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला की तो व्हायरसचं निदान करतो आणि फॉरमॅट मारून देतो. त्याच्या दुकानात कूलर असतो, त्यामुळे तिथे लॅपटॉप व्यवस्थित चालूनही दाखवतो. घरी आणल्यावर दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

इथे व्हायरसचा काही संबंध नाही, ही साधी बेरीज आहे. लॅपटॉपने ओढलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर टाकण्यासाठी चिप आसपासच्या हवेपेक्षा गरम असावीच लागते. समजा एखाद्या लॅपटॉपची चिप भरपूर काम करताना हवेपेक्षा साठ अंशांनी वर जाते. खोली २५ अंशांवर असेल तर चिप ८५ वर थांबेल. खोली ४२ वर असेल तर हिशेब १०२ वर जातो, आणि इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोहोचला की प्रोसेसर जळत नाही. तो स्वतःचा वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. आपण ज्याला हँग होणं म्हणतो, ते पुष्कळदा यंत्राने जीव वाचवण्यासाठी केलेलं काम असतं.

ही वेळ आली कशी, त्याचा इतिहास मजेशीर आहे. १९८९ साली आलेला ४८६ प्रोसेसर पुष्कळ कॉम्प्युटरांत स्वतःच्या पंख्याविनाच चालायचा. मग दर पिढीत वेग वाढवण्याची शर्यत लागली आणि २००४ मध्ये इंटेलच्या पेंटियम ४ची प्रेस्कॉट नावाची आवृत्ती आली. तिच्या वरच्या मॉडेलांची उष्णता ११५ वॅट होती, आणि चिपचं क्षेत्रफळ होतं ११२ चौरस मिलिमीटर. जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या दिव्याहून जास्त उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची होती. तिच्यापुढची पिढी ‘तेजस’ या नावाने तयार होत होती. ती त्याच वर्षी इंटेलने रद्द केली. नुसता वेग वाढवण्याचा रस्ता उष्णतेने अडवला आणि एकाच चिपवर दोन, चार, आठ कोअर बसवण्याचा काळ सुरू झाला.

कंपन्यांना तेव्हा मिळालेला धडा पातळ लॅपटॉपच्या हौसेत पुन्हा विसरला गेला, असं माझं मत आहे. बाजारात सर्रास दिसणारा इंटेलचा बाराव्या पिढीतला आय-फाइव्ह १२३५यू घ्या. त्याची मूळ क्षमता १५ वॅटची, पण टर्बोमध्ये तो ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. पातळ शरीरात, एका छोट्या पंख्यावर ५५ वॅट फार वेळ झेपत नाहीत. थोडा वेळ तो सुसाट धावतो, मग गरम होतो आणि खाली येतो. जाहिरातीतला ‘अमुक गिगाहर्ट्झपर्यंत’ हा आकडा त्या थोड्या वेळातला आहे. अर्धा तास व्हिडिओ एडिट केल्यावर, तेही ४० अंशांच्या खोलीत, काय वेग उरतो हे कुठल्याच खोक्यावर नसतं. पंखा नसलेल्या मॅकबुक एअरचीही गोष्ट फार वेगळी नाही. त्याची चिप मुळात कमी वीज खाते, हे खरं कौतुक. पण कामाचा रेटा वाढला की तोही शांतपणे वेग उतरवतो. आवाज येत नाही, एवढंच.

यावर हुकमी उपाय म्हणून काय विकलं जातं? कूलिंग पॅड. निळे दिवे, दोन-चार पंखे, यूएसबीची वायर. त्याचा उपयोग शून्य नाही. लॅपटॉप थोडा उचलला जातो आणि खालच्या जाळीला हवा मिळते. पण तेवढ्यासाठी मागच्या बाजूला दोन जाड पुस्तकं किंवा लाकडाच्या दोन पट्ट्या पुरतात. बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा आत घेतात आणि बिजागरीजवळून किंवा कडेने बाहेर टाकतात. गादीवर, गोधडीवर, सोफ्यावर ठेवला की ही जाळी बुजते. काही मॉडेलं कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात. त्यावर धूळ बसू नये म्हणून सिलिकॉनचं कव्हर चढवणारे उष्णतेला आतच कोंडतात.

मांडीबद्दलही एक गोष्ट सांगून टाकतो. २०१०मध्ये स्वित्झर्लंडच्या बासलमधल्या डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. रोज तासन् तास लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळल्याने त्याच्या एका मांडीच्या कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठले होते. भाजण्याइतकी उष्णता नव्हती, नुसती रोजची ऊब होती. तेव्हा पाट घ्या, चौरंग घ्या, काहीही घ्या.

पुन्हा लॅपटॉपकडे. माझ्या मते आपल्याकडच्या तापलेल्या लॅपटॉपांचा पहिला शत्रू ऊन नव्हे, धूळ. प्रोसेसरवरून एक चपटी तांब्याची नळी निघते, हीट पाइप. तिच्यात थोडंसं द्रव असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला जाऊन पुन्हा द्रव होते आणि आतल्या बारीक जाळीतून परत येते. थंड टोकाला पातळ पत्र्यांची चळत असते आणि तिच्या तोंडाशी ब्लोअर. नेमक्या या दोघांच्या मध्ये धूळ, केस, कापडाचे तंतू अडकतात आणि दाबून दाबून त्यांचा घट्ट थर बनतो. जिनिंगच्या गावांत तर हवेत कापसाचे तंतूही असतात. बाहेरून जाळी लख्ख दिसते, ब्लोअर जिवाच्या आकांताने फिरतो आणि हवा मात्र बाहेर येत नाही. पंखा ओरडतोय आणि कडेला हात धरला तर झुळूक अगदी बारीक लागते, असं झालं की समजावं.

इलाज काय, तर खालचं झाकण उघडून तो थर काढणं. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरीचा कनेक्टर सुटा केलेला. मग ब्लोअरची पाती बोटाने किंवा प्लास्टिकच्या काडीने धरून हवा मारायची. पाती न धरता दुकानातल्या मोठ्या ब्लोअरचा झोत सोडला तर पंखा त्याच्या कुवतीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. यंत्र तीन-चार वर्षांचं असेल तर त्याच बैठकीत थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. चिप आणि तांब्याच्या मधली ती पेस्ट कालांतराने सुकते. एवढं केल्यावर जो फरक पडतो, तो कुठल्याही निळ्या दिव्याच्या पॅडने पडत नाही. वॉरंटी चालू असेल तर मात्र आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दुसरा उपाय फुकटचा आहे आणि मला तो सगळ्यांत आवडतो, कारण त्यात हव्यासालाच चाप बसतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ म्हणून एक आकडा असतो. १०० चा ९९ केला की साधारणपणे टर्बो बंद होतो. नव्या लॅपटॉपांत हा पर्याय बऱ्याचदा लपवलेला असतो. तिथे पॉवर मोडमध्ये ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ निवडावा. चिपची उष्णता वेगाबरोबर वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. वरचा वेग गाठायला व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून शेवटचा थोडासा वेग सोडला तर उष्णता त्या मानाने बरीच जास्त उतरते. वर्ड, एक्सेल, टॅली, ऑनलाइन क्लास यांत तो गेलेला वेग कुणाच्या लक्षातही येत नाही.

डेस्कटॉपवाल्यांचं दुखणं लाकडी आहे. आपल्या कॉम्प्युटर टेबलांना खाली ‘सीपीयू’साठी दाराचा कप्पा असतो. कॅबिनेट त्यात सारायचं, मागची बाजू भिंतीला टेकवायची आणि दार लावायचं. एसएमपीएसच्या पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा फिरून पुढून आत जाते. सुताराकडून मागची फळी काढून घ्या आणि दार उघडं ठेवा. त्याला दुसरं औषध नाही. कॅबिनेटवर झालरीचं कव्हर असेल तर निदान चालू असताना तरी ते उतरवा.

कूलरचं काय? कोरड्या मेमध्ये वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलीचं तापमान दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो, आणि वरची बेरीज पाहता लॅपटॉपला याहून मोठी मदत नाही. फक्त झोताच्या थेट समोर टेबल मांडू नये, बारीक तुषार उडतात. फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीवर लॅपटॉप गार करायचा विचारही नको. बाहेर काढताच त्यावर, आणि काही वेळा त्याच्या आतही, दव धरतं.

बॅटरीला उष्णता प्रोसेसरपेक्षा जास्त बाधते आणि ती तक्रार करत नाही. लिथियम-आयन पेशी पूर्ण भरलेली आणि गरम, या दोन्ही अवस्थांत एकदम राहिली की झपाट्याने म्हातारी होते. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी लॅपटॉपच्या सेटिंगमधली ८० टक्क्यांना चार्जिंग थांबवण्याची सोय चालू करावी. बऱ्याच कंपन्या ती देतात. झाकण मिटून, बंद न करता लॅपटॉप बॅगेत टाकण्याची सवयही सोडावी. नवे विंडोज लॅपटॉप स्लीपमध्ये असताना मधूनच जागे होतात आणि बंद बॅगेत शेकत राहतात. टचपॅड वर आलं, झाकण नीट बसेना, असं दिसलं की बॅटरी फुगली असं धरून चला. तेव्हा लगेच वापर थांबवायचा, चार्जर काढायचा. ती दाबायची नाही, टोचायची नाही.

हे सगळं ग्राहकाने करायचं आणि कंपनीने काय करायचं? एसीचं उदाहरण घ्या. २०१८पासून एसीच्या स्टार लेबलसाठी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा जो निर्देशांक सक्तीचा झाला, तो २४ ते ४३ अंशांच्या भारतीय हवामानावर काढला जातो. आपला उन्हाळा त्या हिशेबात धरलेला आहे. लॅपटॉपला बीआयएसची नोंदणी लागते, पण ती सुरक्षिततेची. ४३ अंशांच्या खोलीत यंत्र किती वेग टिकवतं याच्याशी तिचा संबंध नाही. या हवामानात लाखो लॅपटॉप विकले जातात, तर ३५ हा आकडा खोक्यावर ठळक छापावा आणि ४० अंशांत अर्ध्या तासानंतर उरणारा वेगही शेजारी छापावा. ही मागणी अवाजवी वाटत असेल तर १९ जुलै २०२२ आठवा. इंग्लंडमध्ये पारा ४० अंशांवर गेला आणि लंडनमधल्या गुगल व ओरॅकलच्या डेटा सेंटरांतली शीतकरण यंत्रणा कोलमडली. गाइज अँड सेंट थॉमस या मोठ्या रुग्णालयांच्या संगणकयंत्रणाही त्याच उष्णतेत बसल्या. आपल्याकडे मेमध्ये ४० म्हणजे उतार.

तोवर, जूनमध्ये मुलांच्या कॉलेजप्रवेशाबरोबर लॅपटॉपखरेदी निघेल, त्यासाठी एक सांगतो. बिल करण्याआधी मॉडेल उलटं करून पाहा. जाळी मोठी आहे का, रबराचे पाय पुरेसे उंच आहेत का, झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का. काही मॉडेलांत ब्लोअरपर्यंत पोहोचायला आधी मदरबोर्ड सोडवावा लागतो. मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर असेल तर ती उघडून हे दुकानातच तपासता येतं. तसं मॉडेल निघालं तर शेजारचं बघा.