दिलेला शब्द आणि सर्व्हेअरचा अहवाल



या देशात पहिले घर घेणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे एक पेच हमखास उभा राहतो. विक्रेत्याने आपली किंमत मान्य केलेली असते, गावी आनंदाची बातमी कळवून झालेली असते, आणि त्यानंतर सर्व्हेअरचा अहवाल हाती पडतो. छपराच्या स्लेटा सुटलेल्या आहेत, मागच्या भिंतीत ओल आहे, वायरिंग कालबाह्य आहे. आता ठरलेली किंमत कमी करून मागावी काय? वरवर पाहता हा पैशाचा प्रश्न आहे. पण माझ्या अनुभवात आपली माणसे अडतात ती हिशेबापाशी नव्हे, संकोचापाशी.

लेस्टरमधील माझ्या परिचयाच्या एका दांपत्याचे उदाहरण घेतो. सात वर्षे काटकसर करून त्यांनी शंभरी ओलांडलेल्या एका टेरेस घरासाठी २,८०,००० पौंडांचा प्रस्ताव दिला आणि तो स्वीकारला गेला. अहवालात दुरुस्त्या निघाल्या तेव्हा अकोल्याहून वडिलांनी फोनवर एवढेच सांगितले, "बाळा, एकदा दिलेला शब्द फिरवायचा नाही. आपल्याकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात." या वाक्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. ज्यांच्या शब्दावर सहजी विश्वास ठेवला गेला नाही, त्यांनी शब्द प्राणापलीकडे जपला. म्हणूनच त्या वाक्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

महाराष्ट्रात घासाघीस आधी होते. मग इसार दिला जातो, साठेखत होते आणि शेवटी खरेदीखत. इसार दिल्यावर किंमत बदलू पाहणारा माणूस हलका ठरतो, आणि ते योग्यच आहे. इंग्लंड व वेल्समध्ये क्रम निराळा आहे. प्रस्ताव स्वीकारला गेला तरी इसार नसतो, आणि पत्रव्यवहारावर 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' हे शब्द असतात. १९८९ च्या कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार लेखी व स्वाक्षरीसह असल्याशिवाय कोणालाच बांधत नाही. आपले साठेखत म्हणजे येथील 'एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स'. साधारणतः दहा टक्के रक्कम तेव्हाच द्यावी लागते. त्यापूर्वीची किंमत ही 'घर दिसते तसे असेल तर' या अटीवर दिलेली असते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. भारतातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर जबाबदारी टाकते: सामान्य दक्षतेने खरेदीदाराला दिसणार नाही असा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष त्याने उघड केला पाहिजे. २०१६ च्या रेरा कायद्याने तर नव्या इमारतीतील बांधकामाच्या दोषांसाठी बिल्डरला ताब्यापासून पाच वर्षे जबाबदार धरले आहे. जुन्या घराच्या खरेदीत इंग्लंडचा कायदा मात्र खरेदीदारालाच सावध राहायला सांगतो. विक्रेत्याने माहितीच्या फॉर्ममध्ये खोटे लिहिले तर दाद मागता येते. पण भिंतीतल्या ओलीविषयी तो आपण होऊन बोलला नाही, एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. ज्या व्यवस्थेने शोधण्याचा भार आपल्यावर टाकला, तिच्यात शोधून सापडलेल्या गोष्टीवर बोलणे हा शब्दभंग कसा ठरेल?

म्हणून सर्व्हे टाळू नये. बँकेचे मूल्यांकन बँकेच्या कर्जासाठी असते. त्यातून घराची प्रकृती कळत नाही. आर.आय.सी.एस. या संस्थेच्या मानकानुसार सर्व्हेचे तीन स्तर आहेत. साधारण सुस्थितीतील नेहमीच्या बांधणीच्या घराला दुसरा स्तर पुरतो. जुन्या किंवा बरेच फेरफार झालेल्या घराला तिसरा स्तरच घ्यावा. अहवालात प्रत्येक भागाला १, २ किंवा ३ असा शेरा असतो, आणि ३ म्हणजे लाल: गंभीर दोष, तातडीची दुरुस्ती किंवा अधिक तपासणी. अहवाल वाचून घाबरण्याऐवजी सर्व्हेअरला फोन करावा आणि विचारावे, "हे घर तुम्ही घेत असता तर आधी कशाला हात घातला असता?" लेखी भाषा सावध असते, बोलताना तोच माणूस मोकळेपणाने क्रम सांगतो.

यानंतरचे काम पुराव्याचे आहे. इस्टेट एजंटमार्फत परवानगी घेऊन छप्पर आणि विजेचे काम करणाऱ्यांकडून लेखी कोटेशन घ्यावे. त्यात २० टक्के व्हॅट धरलेला आहे का, ते पाहावे. ओलीची तपासणी फुकट करून देणारा बहुधा औषधोपचारच विकत असतो. शुल्क घेणारा स्वतंत्र तपासनीस अंतिमतः स्वस्त पडतो. मग एजंटला एकच ईमेल: अहवालातील संबंधित पाने, कोटेशन, आणि मागणीचा नेमका आकडा. एजंट विक्रेत्याचा माणूस असतो, तरी आपला प्रस्ताव विक्रेत्यापर्यंत पोहोचवणे त्याला कायद्याने बंधनकारक आहे.

त्या दांपत्याने लाल शेऱ्यांपुरतीच ९,५०० पौंडांची कोटेशने जोडली. उडालेला रंग आणि जुने स्वयंपाकघर त्यांनी पहिल्या भेटीतच पाहिले होते. ते मागणीत धरले नाही. विक्रेत्याने ६,००० कमी केले आणि व्यवहार पूर्ण झाला. मुलाने वडिलांना समजावले, "बाबा, शब्द तोच आहे, घर मात्र सांगितले तसे नव्हते."

येथे एक हिशेब डोळ्यांआड होतो. दहा टक्के स्वतःचे आणि नव्वद टक्के कर्ज असेल, तर २,८०,००० ला २८,००० पौंड खिशातून जातात. २,७४,००० ला २७,४००. म्हणजे ६,००० ची सूट मिळूनही हातात रोख उरतात केवळ ६०० पौंड! उरलेली बचत कर्जाच्या रकमेत होते, पण छपराचा कारागीर रोख पैसे मागतो. दुरुस्तीपुरती रोकड नसेल तर किंमत कमी करून घेण्यापेक्षा विक्रेत्याने एक्स्चेंजपूर्वी काम करून द्यावे, किंवा काही रक्कम काम होईपर्यंत सॉलिसिटरकडे राखून ठेवावी, असे सुचवणे बरे. तडजोड कोणतीही असो, ती बँकेला कळवलीच पाहिजे. कागदावर जुनी किंमत ठेवून विक्रेत्याकडून गुपचूप पैसे परत घेणे ही बँकेची फसवणूक आहे, आणि तो सल्ला कितीही जवळच्या माणसाने दिला तरी नाकारावा.

घराचा दोष विटांतच असतो असेही नाही. लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोड येथील ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. ते घर निवासी वापराचे होते. स्मारक-संग्रहालयाच्या वापरासाठीची परवानगी कॅम्डेन कौन्सिलने २०१८ मध्ये नाकारली. अपील, सार्वजनिक चौकशी असे टप्पे होऊन मार्च २०२० मध्ये मंत्र्यांच्या निर्णयाने ती मिळाली. आपल्या लहान व्यवहारांतही हाच धडा लागू पडतो. माळ्यावर काढलेल्या खोलीला बिल्डिंग कंट्रोलचे पूर्णत्वाचे प्रमाणपत्र आहे काय? नसेल तर विक्रेता विमा देऊ करतो. तो विमा कौन्सिलच्या कारवाईपासून संरक्षण देतो. जिना किंवा तुळई सुरक्षित करत नाही. तो फरकही किमतीत बोलण्याजोगा आहे.

स्कॉटलंडमधील वाचकांसाठी एक टीप. तेथे डिसेंबर २००८ पासून बहुतेक घरांच्या विक्रीआधी विक्रेत्यानेच होम रिपोर्ट तयार करून द्यावा लागतो. दोष आधीच कळलेले असल्याने त्यांचा विचार प्रस्ताव देतानाच करावा. नंतर तेच कारण पुढे करणे शोभत नाही.

शोभण्याची ही मर्यादा इंग्लंडमध्येही आहे. सगळे ठाऊक असून गप्प बसायचे आणि एक्स्चेंजच्या आदल्या दिवशी किंमत पाडून मागायची, याला येथे 'गॅझंडरिंग' म्हणतात. कायद्याने ते गुन्हा नाही, पण समोरच्याने सामान बांधलेले असते, पुढच्या घराचा व्यवहार ठरवलेला असतो. त्याच्या अडचणीचा तो बाजार आहे. अकोल्याच्या वडिलांनी मनाई केली ती खरे तर या गोष्टीला. नवे काही कळले असेल तर ते कळताच, लेखी आणि कोटेशनातील आकड्याएवढेच मागावे. विक्रेता नाही म्हणाला तर घर सोडण्याची तयारी ठेवावी. सर्व्हेचे काहीशे पौंड गेले तरी छपराचे हजारो वाचतात. अशी मागणी याचना नव्हे आणि दगाही नव्हे. कष्टाच्या पैशाने घर घेणाऱ्याने ती मान वर करून करावी.

पुढील लेखात लीजहोल्ड फ्लॅटचा सर्व्हिस चार्ज आणि मोठ्या दुरुस्त्यांच्या नोटिसा यांविषयी.